स्टिकरखालचा माणूस

माझ्याशी बोलणारी सगळी माणसं अडकलेली असतात. हे मी तत्त्वज्ञान म्हणून सांगत नाही, नोकरी म्हणून सांगतोय. शहरातल्या तीनशे बारा लिफ्टची देखभाल आमच्या कंपनीकडे आहे. लिफ्टमधलं लाल बटण दाबलं की फोन माझ्या टेबलावर वाजतो आणि मेकॅनिक पोचेपर्यंत आतल्या माणसाला बोलतं ठेवायचं, एवढंच माझं काम. हवा पुरेशी आहे, दोर तुटत नसतो, दाराला टेकू नका. लिफ्ट हलली की शेवटचं वाक्य ठरलेलं: "तळमजल्यावर उतरलात की कळवा." तीन वर्षांत एकानेही कळवलेलं नाही. ऑफिसात मला 'तळमजला' म्हणतात.

सुटलेल्या माणसाने फोन ठेवावा, ह्यात त्याची काही चूक नाही. मीही ठेवला असता.

घरी मात्र माझ्याकडे पुष्कळ मंडळी आहेत. जुन्या व्हिडिओ गेमच्या दोनशे दहा कॅसेट. कॅसेट म्हणजे तो जाडजूड प्लॅस्टिकचा चौकोन, यंत्राच्या डोक्यात खुपसला की टीव्हीवर खेळ सुरू व्हायचा तो. माणसाच्या अंगात हाडं दोनशे सहा असतात, त्यामुळे तेवढ्या झाल्यावर संग्रह पूर्ण झाला असं समजून मी एकदा थांबलो होतो. मग भंगारवाल्याने आणखी चार आणून दिल्या आणि शरीरशास्त्राशी असलेला संबंध संपला.

माझ्याकडे ते यंत्र नाही. टीव्हीही नाही. मला खेळता येत नाही आणि शिकायचंही नाही. मला आवडतात ती वरची चित्रं.

"म्हणजे तू नक्की करतोस काय त्यांचं?" ताई दर रविवारी फोनवर विचारते. ताई दुसऱ्या शहरात असते, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी आहे, आणि लहानपणी शेजाऱ्यांकडे बसून हे सगळे खेळ खेळलेली आहे.

"बघतो."

"काय बघतोस?"

"चित्रं."

"अरे, ते वेष्टन आहे. माणूस बिस्किट खातो, पुडा भिंतीवर लावत नाही."

"चित्र चांगलं असेल तर लावावा."

"त्या पाणबुडीवाल्या खेळाचं काय होतं माहितीये? वरती काय ते चित्र! वादळ, विजा, देवमासा. आणि आत काय, तर एक आडवी रेघ दुसऱ्या आडव्या रेघेला गोळी मारते. गोळी म्हणजे ठिपका. फसवणूक होती ती, चक्क फसवणूक."

"पण तू खेळलीस ना?"

"दोन वर्षं," ती म्हणाली. "जेवलास का?"

ताईचं म्हणणं चुकीचं नाही, अपुरं आहे. त्या यंत्राची ऐपतच चार चौकोन दाखवायची होती. त्यातला डावीकडचा चौकोन राजपुत्र आहे आणि उजवीकडचा त्याचा सख्खा भाऊ असून राज्यावरून भांडण आहे, हे कुणीतरी सांगायला नको? ते काम चित्राचं. एकदा चित्र नीट पाहिलं की मग चौकोनाकडे बघून माणसाला रडूही येऊ शकतं. काडेपेटीच्या दुप्पट कागद असायचा फक्त. तेवढ्यात पाणबुडी बसवायची, पाणबुडीला रिबिटं काढायची (एकोणचाळीस आहेत, मी भिंगाने मोजलीत), आणि देवमाशाला पापण्या. देवमाशाला पापण्या नसतात हे त्या चित्रकारालाही माहीत असेल. पण पापण्यांशिवाय तो दुःखी दिसला नसता.

मग छपाईतली गंमत. लाल रंगाचा साचा केसभर सरकला की राजकन्येचे ओठ तिच्या चेहऱ्याच्या शेजारी छापले जायचे, आणि ती स्वतःच्याच ओठांकडे जरा संशयाने बघतेय असं वाटायचं. एका योद्ध्याच्या हाताला सहा बोटं आहेत. तलवार जड असेल, लागलं असेल सहावं. आणि आकाश! जांभळ्यातून गुलाबी, गुलाबीतून नारिंगी, कुठून कुठे बदललं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. असं आकाश मी खिडकीतून कधी पाहिलं नाही. माझ्या खिडकीतून समोरच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर दिसतं.

एकदा मी खोलीत प्रदर्शनही भरवलं. ऑफिसच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, खोली झाडली, सहा कप आणले. उपस्थिती: एक. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. पण आला तसा त्याने सगळं नीट पाहिलं, पाठीमागे हात बांधून. शेवटी म्हणाला, "ह्यातल्या कशाला वीज लागते?" मी म्हटलं, "कशालाच नाही." तो जरा निराश होऊन गेला. उरलेले पाच कप अजून कागदात गुंडाळलेलेच आहेत.

तर माणसाची गोष्ट.

बहुतेक कॅसेटच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात किमतीचा नारिंगी गोल स्टिकर असायचा. एका रणगाड्यांच्या खेळावरचा स्टिकर मला खुपायला लागला, म्हणून काढायला बसलो. स्टिकर काढायची एक पद्धत आहे. हेअर ड्रायरची गरम हवा लांबून द्यायची, कड सैल झाली की नखाने उचलायची, आणि मग श्वास धरून ओढायचं. घाई केली की चित्रही सोबत येतं. अर्ध्या तासाने स्टिकर निघाला. खाली एक माणूस उभा होता.

पाठमोरा. करंगळीच्या नखाएवढा. करडा शर्ट, हातात कापडी पिशवी. समोर रणगाडे धडाधड उडतायत आणि हा आपला शांत उभा, जणू रणगाड्यांचं आटोपलं की ह्याचं काही काम आहे.

मी दुसरी कॅसेट घेतली, ड्रॅगनची. स्टिकरखाली तोच माणूस, पिशवी घेऊन, ड्रॅगनकडे पाठमोरा बघत. चंद्रावर तो हेल्मेटशिवाय उभा होता. समुद्राच्या तळाशी उभा होता आणि पिशवी भिजलेली नव्हती. महिनाभरात एकतीस सापडले. ज्यांच्यावर तो नव्हता, त्यांच्यावर दुसऱ्या कुणाची चित्रं होती हे मला लांबूनही ओळखता यायला लागलं. ती आकाशं वेगळी होती.

आता विचार करा. एक चित्रकार एकतीस चित्रांत एकाच माणसाला काढतो, आणि नेमका अशा ठिकाणी, जिथे वर स्टिकर बसणार. म्हणजे बघणाऱ्यांसाठी तो नाहीच. जो खरडून बघेल त्याच्यासाठी आहे. आणि खरडून बघणारा एकच इसम माझ्या ओळखीत होता. तो एकटा राहायचा, सगळ्या गोष्टी लांबून बघायचा, आणि त्याच्याकडे करडा शर्टही होता.

थोडक्यात, माझी खात्री झाली की तो मी आहे.

खुळ्यासारखं आहे हे मला कळत होतं. पण खुळेपणा कळला म्हणून जात नाही. दातदुखीचं जसं असतं. मला फक्त त्या चित्रकाराला गाठायचं होतं आणि विचारायचं होतं: हा कोण, आणि तो कशाची वाट बघतोय? उत्तर मला माहीत होतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच. कुणीतरी कधीतरी माझा विचार करून ब्रश उचलला होता, असं एकदा ऐकलं असतं तर पुढची दहा वर्षं मी सहज काढली असती.

कॅसेटच्या मागे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापखान्याचा पत्ता होता. तो वाचला आणि मला हसू आलं. त्या इमारतीत आमची लिफ्ट आहे. क्रमांक दोनशे चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबायची तिला खोड आहे. मी ती इमारत कधी पाहिलेली नाही, पण माझ्या कामात इमारती बघायच्या नसतात, त्यांची दुखणी माहीत असावी लागतात.

सरळ जाऊन विचारता आलं असतं. ताईनेही तेच सांगितलं: "जा, दार वाजव, विचार. लोक असंच करतात." पण मला माणसांशी बोलायची सवय ती अडकलेली असतानाच. मोकळा माणूस समोर आला की मला काय बोलावं ते सुचत नाही. तो कधीही निघून जाऊ शकतो. म्हणून मी लिफ्ट बंद पडायची वाट बघितली. एकोणीस दिवस लागले. एरवी महिन्यातून दोनदा अडकणारी लिफ्ट, माझी वेळ आली तर तिला एकदम जबाबदारीची जाणीव झाली.

विसाव्या दिवशी, दुपारी, दोनशे चार वाजली.

"हॅलो! अहो, पुन्हा अडकलोय मी! छापखानेवाला बोलतोय!"

"घाबरू नका साहेब. मेकॅनिक निघालाय. हवा पुरेशी आहे. तीस वर्षांपूर्वी तुम्ही व्हिडिओ गेमच्या कॅसेटची लेबलं छापायचात ना?"



"काय?"

"दाराला टेकू नका. कॅसेटची लेबलं. रणगाडे, ड्रॅगन, चंद्र."

"छापायचो. का? काही झालं का?"

"त्यातली चित्रं कोण काढायचं?"

"अहो, इथे अंधार आहे!"

"दिवा येईल. कोण काढायचं?"

इथे आमच्या कामाची एक पद्धत सांगायला हवी. मेकॅनिक वरच्या यंत्रखोलीत पोचला की मला दुसऱ्या फोनवर 'तयार' म्हणतो. मग मी आतल्या माणसाला दारापासून लांब उभं करतो आणि मेकॅनिकला 'हलवा' म्हणतो. मी 'हलवा' म्हटल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. सुरक्षेसाठी ठेवलेला नियम आहे.

मेकॅनिक 'तयार' म्हणाला. छापखान्याचे मालक म्हणाले, "एक बाई होत्या कंपनीच्या. त्याच सगळं करायच्या. नाव... थांबा हं..."

मी थांबलो. 'हलवा' म्हटलं नाही.

"आठवा साहेब."

"सगळे चित्रकार बाईच म्हणायचे. बुटक्याशा. शाई कमी पडली की भांडायला यायच्या."

"राहतात कुठे?"

"तळमजला, तयार म्हटलं मी," मेकॅनिक दुसऱ्या कानात म्हणाला. "झोपलास का?"

"अहो, ते मी आता कसं..." मालकांचा आवाज चिरकायला लागला. "टेकडीखालची ती पिवळी घरं आहेत ना, तिथे. जुन्या टपाल कचेरीमागे. चौथा मजला. दिवाळखोरीत कंपनी गेली तेव्हा मी त्यांच्या चित्रांची उरलेली लेबलं पोचवायला गेलो होतो. आता सोडा हो मला!"

"दारापासून लांब व्हा," मी म्हटलं. "हलवा. तळमजल्यावर उतरलात की कळवा."

ह्या वेळी मात्र कळवलं. माझ्या साहेबांना. आमची सगळी बोलणी रेकॉर्ड होतात. साहेबांनी मला समोर बसवून चार मिनिटं वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग ऐकवलं.

"हे काय आहे?"

"चौकशी."

"तू पोलीस आहेस?"

"नाही."

"माणूस लटकलेला असताना त्याला चंद्र आणि ड्रॅगन विचारतोस? उद्या गणित घालशील!" साहेबांनी कागद पुढे सरकवला. लेखी ताकीद. "पुन्हा झालं तर घरी. आणि ते गृहस्थ आता जिन्याने जाणार म्हणतायत. एक गिऱ्हाईक कमी केलंस."

मी सही केली. खरं सांगायचं तर मला वाईट वाटायला हवं होतं, आणि ते मला दोन दिवसांनी वाटलं. त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त पिवळी घरं होती.

शनिवारी एकतीस कॅसेट बुटाच्या खोक्यात भरल्या आणि गेलो. पिवळ्या घरांना लिफ्ट नव्हती. चार मजले चढताना मला उगाच उघड्यावर आल्यासारखं वाटलं. दार वाजवलं. साखळीएवढं उघडलं. चष्मा, पांढरे केस, माझ्या छातीएवढी उंची.

"काय विकताय?"

"काही नाही."

"मग खोक्यात काय आहे?"

"देवमासा," मी म्हटलं. मला मोकळ्या माणसांशी बोलता येत नाही ते हे असं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. मी घाईघाईने वरची कॅसेट काढून फटीतून आत धरली. मग साखळी निघाली.

खोली लहान होती. खिडकीशी तिरक्या फळीचं मोठं टेबल. त्यावर आता इस्त्री, औषधाच्या गोळ्या आणि अर्धं सोडवलेलं शब्दकोडं. बाई एकट्याच राहत असाव्यात. खुर्ची एकच होती. ती त्यांनी मला दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसल्या, मग उठून चहा टाकला, मग पुन्हा बसल्या.

"पत्ता कुणी दिला?"

"छापखानेवाल्यांनी. ते लिफ्टमध्ये अडकले होते तेव्हा."

"अडकल्याशिवाय तो कुणाला काही देतही नाही. लाल शाईत पाणी घालायचा मेला. मांड बघू."

मी टेबलावर एकतीस कॅसेट मांडल्या. चार ओळी, शेवटची एकाने कमी. बाईंनी गोळ्या आणि इस्त्री बाजूला केली आणि वाकल्या. आता बोलतील, आता बोलतील.

"स्टिकर कुठे गेले?" त्या म्हणाल्या.

"मी काढले."

"सगळे?"

"एकतीस. हेअर ड्रायरने." काळजीपूर्वक काढल्याने गुन्हा हलका होईल असं मला वाटलं.

"कुणी सांगितलं होतं? हा देवमासा कुठे बघतोय?"

"खाली, उजवीकडे."

"तिथे काय होतं?"

"हा माणूस."

"स्टिकर होता! नारिंगी! सगळ्या निळ्या चित्रात तेवढा एकच नारिंगी ठिपका, म्हणून मी वीज पांढरी ठेवली, नाहीतर पिवळी केली असती. स्टिकर धरून चित्र बांधलं होतं मी. आता हा मासा बघ, कुणी रागावल्यासारखा कोपऱ्यात बघत बसलाय. वाटोळं केलंस रे माझ्या चित्रांचं!"

मी माफी मागितली. देवमाशाकडे पाहून मागितली, कारण तो जवळ होता. मग, आता नाही तर कधीच नाही, म्हणून विचारलं, "पण बाई, हा माणूस कोण?"

"हा होय? हा कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"अरे, कोपरा स्टिकरला सोडायचा, असा कंपनीचा हुकूम. आणि कोरा सोडला की तुझा तो छापखानेवाला म्हणायचा शाई लागली नाही, आणि पुन्हा छापत बसायचा. म्हणून तिथे काहीतरी भरायचं. झाकलं गेलं तरी कुणाचं काही अडू नये, असं."

"असं," मी म्हटलं.

"हो."

"पण मग दगड काढायचा. झुडूप. हाच माणूस का?"

"बसच्या रांगेत रोज माझ्यापुढे उभा असायचा तो. ऑफिसात येऊन बसले की डोळ्यांसमोर तीच पाठ. हाताला वळणच पडलं. अर्ध्या मिनिटात व्हायचा."

"त्याचं तोंड कसं होतं?"

"काय माहीत! बस आली की सगळे आत घुसणार. मागे वळून बघायला वेळ कुणाला?"

"म्हणजे हा चंद्रावर..."

"बसची वाट बघतोय," बाई म्हणाल्या. "चहात साखर किती?"

मी 'दोन' म्हटलं. मला बिनसाखरेचा लागतो. पण त्या क्षणी कुणी दोन काय, सहा चमचे विचारले असते तरी 'हो' म्हणालो असतो. इतके दिवस ज्याच्याशी मनातल्या मनात बोललो, तो जागा भरायला होता. झाकण्यासाठीच काढलेला. चहा गोड होता आणि मी तो शहाण्यासारखा पीत राहिलो.

बाई माझ्याकडे बघत होत्या. चित्रकारांची नजर वाईट. कुठे काय लपवलंय ते त्यांना दिसतं.

"तू काय समजला होतास?"

"काही नाही."

"सांग."

"मला वाटलं, मला बघून काढलाय."

"तुझं वय काय?"

"सव्वीस."

"हे तीस वर्षांपूर्वीचं आहे."

"हो."

"मग?"

"तेच तर," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. कप बाजूला ठेवून एकेक कॅसेट उचलून बघायला लागल्या, माझ्याशी नाही, चित्रांशी बोलत. "हा बरा जमलाय. हा घाईचा. ह्या घोड्याचे गुडघे उलटे गेलेत, बघ, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. खेळ काही आम्हाला दाखवायचे नाहीत. एक ओळ लिहून यायची. 'विटा फोडणे.' बस. मी रात्रभर विचार केला, कोण फोडेल विटा? म्हणून मग हा काढला, स्वतःचंच घर फोडणारा गवंडी. का फोडतोय तेही ठरवलं होतं. नंतर कळलं, आत नुसता चेंडू आणि विटा. गवंडीच नाही."

"का फोडत होता?"

"बायको नको म्हणाली होती तरी खिडकी चुकीच्या भिंतीला ठेवली. तिच्या पश्चात फोडतोय."

मी ते चित्र शंभरदा पाहिलं होतं. गवंडी रागात आहे असं समजत होतो. आता बघितलं तर राग नव्हताच. मी खुर्ची जरा पुढे ओढली. आम्ही दोघं वाकून बघायला लागलो, आणि माझ्या लक्षात आलं की ही चित्रं मी आजवर कुणाच्या शेजारी बसून पाहिलेलीच नाहीत.

मग बाई थांबल्या. हातात डोंगरातल्या मोटारींचा खेळ होता. त्यांनी तो खिडकीशी नेला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे माझं नाही."

"असं कसं? माणूस आहे ना?"

"माणूस आहे. मी काढलेला नाही. पिशवी उजव्या हातात आहे."

"मला वाटलं, हात दुखला असेल, बदलला."

"माझा माणूस कायम डाव्या हातात धरायचा. आणि माझ्या माणसाची पिशवी रिकामी. सकाळची वेळ, असणार काय पिशवीत? हिच्यात वजन आहे. खांदा उतरलाय बघ. मोटारीही माझ्या नाहीत. मी सोडल्यावर कंपनीने दुसरं कुणी घेतलं असणार." त्या बोलता बोलता हळू झाल्या. "सहा वर्षांनी सोडली मी. निरोपाला चहासुद्धा नव्हता. टेबल पुसून निघाले."

"मग त्याला ह्या माणसाबद्दल कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. कुणाला माहीतच नव्हतं. फायलीत मूळ चित्रं असायची, बिनस्टिकरची. त्यात बघितलं असणार." त्यांनी कॅसेट जवळ आणली, इतकी की श्वासाने प्लॅस्टिक धुरकटलं. "बघितलं, आणि पुढे चालवलं. आणि त्याच्या पिशवीत काहीतरी घातलं. काय घातलं असेल?"

मीही वाकून पिशवीकडे पाहिलं.

"तू विचार ना त्या छापखानेवाल्याला. कोण होता म्हणून. का कोण होती."

"ते आता जिन्याने जातात."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्याशी बोलत नाहीत."

बाईंनी सुस्कारा सोडला. मग उठल्या, टेबलाखालचा खण ओढला, खडखड करत एक जाड कागद काढला, दुसऱ्या खणातून पेन्सिल. टोक बोटावर टोचून पाहिलं. दारामागची कापडी पिशवी काढून माझ्या अंगावर टाकली.

"कॅसेट भर हिच्यात. सगळ्या नको, हा राहू दे माझ्याकडे. उजव्या हातात धर आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहा."

"मी?"

"खोलीत आणखी कोण आहे? वजन धरल्यावर पाठ कशी होते ते बघायचंय. तीस वर्षांत पाठ काढलेली नाही मी. सरळ नको उभा राहू, परेड नाहीये. उभा राहतोस तसा राहा."

मी तीस कॅसेट घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. समोर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं, नोव्हेंबरवर थांबलेलं. मागे खुर्ची सरकली, कागद सरकला, आणि पेन्सिल चालायला लागली. मला सवयीने वाटलं काहीतरी बोलत राहावं, हवा पुरेशी आहे वगैरे.

"बाई, तुम्हाला..."

"बोलू नकोस. खांदा हलतो."

पिशवीचा बंद बोटांत रुतला. पेन्सिल थांबायची, पुन्हा चालायची. थांबली की मला कळायचं, आता बाई बघतायत. पाठीवर नक्की कुठे बघतायत तेही कळायचं. आधी डावा खांदा, मग मान. माझी मान कशी आहे हे मला माहीत नाही, आणि आजवर त्याचं कुणी काही बोललेलं नाही. खिडकीतलं ऊन कॅलेंडरच्या तारखांवरून अर्धा आठवडा पुढे सरकलं. हात भरून आला. बदलावा असं वाटलं नाही.

"कॉलर एका बाजूने वर आलीय तुझी," बाई म्हणाल्या.

मी डावा हात उचलायला लागलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "तशीच काढलीय."